काळी कुळकुळीत पत्रं

समुद्रपूर, ऑक्टोबर २००९. मंगळवार, संध्याकाळ.

आमच्या सुती चादरींच्या दुकानाचे ईमेल हल्ली लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. वर्षभर ज्यांनी एकही मेल उघडला नाही त्यांचे पत्ते यादीतून काढा, म्हणजे बाकीच्यांना नीट पोचतील, असं कळलं. आज दिवसभर तेच करत बसलो आणि जीव कासावीस झाला. यातले कितीतरी पत्ते मीच तयार करून दिलेले, इथे माझं सायबर कॅफे होतं तेव्हा. फोटो काढायला यावं तसे लोक तोंड धुऊन, भांग पाडून यायचे.

शेवंतामावशीच्या नावाशी अडलो. ती तर अल्लीपूरहून एसटीने आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिचा पत्ता मी पुसू? न राहवून फोन लावला.

"मावशी, आमचे मेल दिसतात का तुले?"

"दिसतात नं. सुनेच्या कम्प्युटरवर रोज पाह्यतो."

"मग उघडत काऊन नाई?"

"उघडलं का अक्षर फिक्कं पडते, बाबू! नाई उघडलं तं कसं काळं कुळकुळीत राह्यते. तुह्ये सारे तसेच ठेवले मी."

मला ते लुगडं आठवलं. वर्षानुवर्षं घडी न मोडलेलं.

मावशीचं नाव राहू दिलं. पण सकाळपासून जी नावं उडवली, त्यांच्यातही कोणी आमची पत्रं अशीच जपून ठेवली असतील तर?