बाविसावं प्रकरण

९ जानेवारी १९४६, सांगली

सोयरीक मोडली!

आबांचा निरोप घेऊन गावाकडचा माणूस सकाळी मावशीच्या दारात उभा. कारण ऐकून मला आधी हसूच फुटलं. मावशीने डोळे वटारले तेव्हा तोंडाला पदर लावला.

कारण काय, तर एक पुस्तक! मॅट्रिकला यंदा आम्हाला जी ऐतिहासिक कादंबरी लावली आहे, तिचं कुणा निवृत्त हेडमास्तरांनी गाइड काढलं आहे. त्यात टीप आहे — गडाची चोरदिंडी उघडून शत्रूला आत घेणारा नाथाजी हा वांगरवाडीच्या पाटलांचा मूळ पुरुष. वांगरवाडी म्हणजे आमचीच वाडी, कडेगावपासून चालत जाता येते. पाटील म्हणजे आम्हीच. दुसरे आहेतच कोण तिथे?

नवऱ्यामुलाचे, लालासाहेबांचे, चुलते जोतीराम शिरवळकर शाळा कमिटीवर आहेत. गाइड त्यांच्या हाती पडलं. सुपारी फुटलेली, वैशाखातला मुहूर्त धरलेला, आणि हे म्हणतात, फितुराच्या घरची पोरगी आमच्या उंबऱ्याच्या आत नको.

फितूर! गेल्या तीन-चार सालांत आमच्या मुलखात या शब्दापायी, भूमिगतांच्या धाकाने, माणसं रातोरात गाव सोडून गेली. आबा पलटणीत सुभेदार होते. त्यांना हा शब्द!

आता हसू येत नाही.

१० जानेवारी

लालासाहेब. एकदाच पाहिलंय. इटलीच्या लढाईवरून आलेले हवालदार. बाकीचे गाय-जमीन-मानपान बोलत होते, हे गप्प. निघताना आईला तेवढं म्हणाले, भाकरी लय दिवसांनी पोटभर खाल्ली. मला त्यांचं ते बोलणं आवडलं होतं. आवडलं होतं म्हणजे काय, आवडलंच आहे. वहीपुढे कशाला लाजायचं.

१३ जानेवारी

गुणमालेकडून गाइड आणलं. ती माझ्या वर्गात आहे, तिच्या वडलांचा हळदीचा व्यापार. संध्याकाळी त्यांची जेवणं दिवेलागणीच्या आत होतात, मग आम्ही दोघी माडीवर अभ्यासाला बसतो.

खरं लिहायचं तर गाइडावाचून मलाही पहिली साठ पानं कळली नसती. काय ती कादंबरी! एक वाक्य सुरू झालं की पान उलटावं लागतं, आणि क्रियापद सापडेपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला होतं. निम्मे शब्द फारशी. शब्दार्थात त्या हेडमास्तरांचा हात कुणी धरणार नाही. दस्तक, रसद, हवालनामा — सगळं चोख.

पण नाथाजीवर दीड पान लिहिलंय त्याला आधार कुठला? 'ओढ्याकाठचा नाथाजी' एवढंच कादंबरीत आहे. ओढा तर प्रत्येक गावाला असतो!

गुणमाला म्हणाली, "आमच्या जैन बस्तीत शास्त्र वाचताना आधी मूळ वाचतात, मग टीका. नुसती टीका ऐकून उठला त्याला शास्त्र ऐकलं असं आमच्यात म्हणत नाहीत."

ठरलं. मूळ वाचणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओळ न् ओळ.

१४ जानेवारी

संक्रांत. मावशी म्हणते, गोड बोल. बोलले नाही.

२२ जानेवारी

सापडलं!!

गाइडात बाविसाव्या प्रकरणापुढे एवढंच आहे — 'गडावरील तळ्याचे वर्णन. कथानकाशी संबंध नाही. गाळल्यास चालेल.' वर्गातल्या सगळ्यांनी गाळलं. सरांनीही गाळलं. जोतीरामांनी तर कादंबरीच गाळली असणार.

खरंच तळ्याचं वर्णन आहे. शेवाळ, पायऱ्या, आटलेलं पाणी, तळाशी राहिलेला चिखल, पानंच्या पानं. मी दोनदा झोपले. आणि मग एका लांबलचक वाक्याच्या पोटात हे — किल्लेदारीण नाथाजीला बोलावते आणि आपल्या तोंडाने हुकूम देते की अवसेच्या रात्री चोरदिंडी उघड आणि तान्ही पोरं घेऊन बायांना खाली ओढ्यापर्यंत पोचव, पाण्यावाचून मरू देऊ नकोस. नाथाजी म्हणतो, बाईसाहेब, उद्या मला फितूर म्हणतील. ती म्हणते, म्हणू देत.

म्हणजे दार उघडलं ते हुकमाने! बायांसाठी! शत्रू मागून शिरला ते नाथाजीला ठाऊकही नव्हतं.

माडीवर मी मोठ्याने ओरडले. गुणमालेची आई धावत आली, तिला वाटलं विंचू चावला.

२७ जानेवारी, वांगरवाडी

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने आले. वाटेत दोनदा उतरून ढकलावी लागली. आबांनी बैठक बोलावली आहे. शिरवळकरांना निरोप गेला — एकदा ऐकून तरी जा.

आबा नीट जेवत नाहीत. चावडीत जायचं सोडलंय. आई म्हणते, कुणी तोंडावर बोलत नाही हेच त्यांना सहन होत नाही.

३० जानेवारी

बैठक झाली.

सोप्यात घोंगडी अंथरली होती. जोतीरामांनी गाइड मधोमध ठेवलं, वर सुपारी, जसा काही देवच मांडलाय! लालासाहेब खांबाला टेकून कोपऱ्यात. आमच्यात पोरीने पुरुषांच्या बैठकीत यायची रीत नाही, म्हणून ठरलं की मी माजघरातून, दाराआडून वाचायचं.

वाचलं. अर्धं पान झालं आणि जोतीराम म्हणाले, ऐकायला येत नाही. मी दोन पावलं पुढे आले. पुन्हा म्हणाले, ऐकायला येत नाही. मग मी सरळ सोप्यात जाऊन बसले! आईने पाठीमागून पदर ओढला, तो सोडवून घेतला.

आख्खं बाविसावं प्रकरण वाचलं. शेवाळासकट. कुणाची सुटका केली नाही. अवघड शब्द आला की थांबून अर्थ सांगितला. तेवढ्यापुरतं गाइड कामाला आलं.

जोतीराम म्हणाले, "आगं पर त्या पुस्तकात छापलंय त्ये खोटं कसं आसंल?"

मी म्हटलं, "काका, ह्ये बी छापलेलंच हाय की."

कुणीतरी खुसकन हसलं. लालासाहेब असावेत, मी तिकडे बघितलं नाही. जोतीरामांनी कादंबरी हातात घेतली, चष्मा लावला, ते पान ओठ हलवत वाचलं. मग गाइड उचलून पिशवीत टाकलं आणि आबांना म्हणाले, सुभेदार, चूक झाली. गूळ वाटला. आबांचे डोळे भरून आले होते.

जिंकले! एका पुस्तकाने मोडलेलं दुसऱ्याने जोडलं.

९ फेब्रुवारी, सांगली

प्रिलिमचा पेपर मिळाला. प्रश्न होता — नाथाजीच्या फितुरीची कारणे लिहा. मी लिहिलं होतं, नाथाजी फितूर नव्हता, पाहा प्रकरण बावीस. दहापैकी शून्य. शेजारी लाल शाईत शेरा — 'गाइड पाहा.'

मुख्य परीक्षेतही हेच लिहिणार.

१७ फेब्रुवारी

आज डोक्यात नुसता जाळ झालाय.

माझ्या प्रतीची सुरुवातीची पानं फाटलेली आहेत, जुन्या बाजारातली प्रत. आज गुणमालेची प्रत सहज चाळली. तिच्यात प्रस्तावना आहे. लेखक लिहितात, 'गड खरा, वेढा खरा. माणसे मात्र माझ्या मनातली. त्यांचे वंशज शोधू नयेत.'

शोधू नयेत!

म्हणजे नाथाजी नव्हताच. तो फितूर नव्हता, शूर नव्हता, जन्मलाच नव्हता. आणि आम्ही सोप्यात बसून त्याची अब्रू सोडवत होतो! हेडमास्तरांनी चूक केली ती केलीच. पण मी काय वेगळं केलं? त्यांनी कादंबरीतल्या माणसाला आमचा पूर्वज ठरवून वाईट म्हटलं. मी त्यालाच पूर्वज मानून चांगला म्हटलं. एकाच चिखलात दोघं.

२० फेब्रुवारी

गप्प बसावं. कोण वाचतंय प्रस्तावना?

२१ फेब्रुवारी

गुणमालेला विचारलं, तू काय केलं असतंस? ती म्हणाली, मी आधी लग्न केलं असतं. हसलो दोघी. पण ती चेष्टा करत नव्हती.

३ मार्च, वांगरवाडी

आबांनी बोलावून घेतलं. पत्रिकेचा मजकूर ठरवायला शिरवळकर यायचेत.

घरात शिरते तो अंगणात पाथरवट! टाकीचे घाव चालू. आबांनी नाथाजीची शिळा करायला सांगितली आहे. हातात तलवार, पाठीशी दिंडी, पायाशी तान्हं मूल. वेशीत बसवायची. गावची माणसं येऊन बघून जातात. आबा चावडीत पुन्हा जाऊ लागलेत, पटका नवा आहे. पोरांना बोलावून गोष्ट सांगतात, आणि आता त्या गोष्टीत नाथाजीने एकट्याने चाळीस माणसं कापलीत! कादंबरीत एकही नाही.

आबा इतके आनंदात मी कधी पाहिले नव्हते. रागवायचं कुणावर?

४ मार्च

सांगितलं.

पत्रिकेवर जोतीरामांनी लिहून आणलं होतं — 'गडरक्षक वीर नाथाजी यांचे थेट वंशज'. मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. आबा मिशीत हसले. आता फक्त छापखान्यात जायचं बाकी.

मला कुणी विचारलं नव्हतं. या खेपेला दाराआडही थांबले नाही. मी म्हटलं, "त्यो नाथाजी आमचा न्हाई."

गुणमालेची प्रत पुढे ठेवली. प्रस्तावना वाचली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. सांगितलं की पत्रिकेवर आबांचं नाव घाला, सुभेदार हंबीरराव. त्यांनी खऱ्या लढाया केल्यात. मनातल्या माणसाची उसनी थोरवी घेऊन मी कुणाच्या घरात जाणार नाही.

जोतीराम उठलेच. म्हणाले, कधी फितूर, कधी वीर आणि आता माणूसच नाही, हे घर आहे की तमाशा? एवढं शिकलेली पोरगी उद्या आमचीही कुळी तपासंल. पत्रिकेचा कागद फाडून खिशात घातला. लालासाहेब त्यांच्या मागून गेले.

पाथरवटाने टाकी थांबवली होती.

आबा घोंगडीवरच बसले होते. मग म्हणाले, "फितूर म्हनले तवा भांडलीस. वीर म्हनले तरी भांडतीस. तुला पायजे तरी काय, पोरी?"

मला उत्तर देता आलं नाही. आता लिहिताना येतंय. जे आहे तेवढंच पाहिजे, आबा. तुम्ही आहात, तेवढे मला पुरे आहात.

५ मार्च

आबा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण फक्त भांड्यांशी. भावकीतल्या बाया पाण्याला जाताना दारात रेंगाळतात. पोरीच्या जातीला एवढा ताठा बरा नव्हे, मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणतात.

माझं चुकलं का? सकाळपासून शंभरदा विचारलं. शंभरदा तेच उत्तर. नाही.

पण रडू आलं. गोठ्यात जाऊन रडले. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी फुशारकी मारता येणार नाही.

७ मार्च

पाथरवट सामान बांधून गेला. शिळा अर्धी राहिली. तोंड झालंय, हात नाहीत. आबांनी ती पालथी करून न्हाणीपुढे टाकली. परीक्षेला आता दिवस राहिले नाहीत, उद्या सांगलीला निघते. बाविसावं प्रकरण पाठच आहे.

८ मार्च

मोटार चुकली. चुकली म्हणजे मीच गेले नाही.

सकाळी लालासाहेब आले. एकटे, सायकलवर, मोज्यापर्यंत धुरळा. आबा ओसरीवर होते, उठले नाहीत. लालासाहेब उभ्यानेच म्हणाले, "चुलतं न्हाई म्हनत्यात. मी व्हय म्हनाय आलोय."

आबा दाराकडे मान वळवून म्हणाले, "मला कशाला सांगतायसा? तिला इचारा."

आमच्या घराण्यात, खऱ्या घराण्यात, आजवर कुठल्या पोरीला कुणी विचारलेलं नाही.

मी बाहेर आले. त्यांना बसा म्हटलं. हो म्हणायला मुद्दामच वेळ लावला.