दादाच्या विती आणि यंत्राचा अंगठा

सांडोर, वसई
रविवार, ता. २० एप्रिल २००८

सकाळी केळींना पाणी सोडलं. अकराला ॲन्सेल्म वेल्डर आला, ओटीवर बसला, आमच्याबरोबर जेवला, झोपला आणि चारला उठून चहा पिऊन घरी गेला. काम काही झालं नाही.

ती. सौ. वसुंधराताईस,

चंद्रहासचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? विघ्नेश तेराव्याला आला होता तेव्हा म्हणाला, की तुला हल्ली जिना चढवत नाही. आर्याच्या बाळाला दात आले असतील. इकडे सर्व ठीक. उद्या श्रीपतदादाला जाऊन तीन महिने होतील, त्या मानाने ठीक. वहिनी दोन वेळा जेवते. मी शाळेच्या ऑफिसात जातो आणि परत येतो.

हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही, हे आधीच लिहितो. विघ्नेशच्या लग्नानंतर तू या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणाली होतीस, आणि तू बोललेलं पाळतेस हे सगळ्यांना माहीत आहे. (दादाच्या दिवसांनाही पाळलंस. त्यावर कोणी काही बोललं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.) मला फक्त एक माप हवं आहे, आणि ते तुझ्याकडेच आहे. कसं ते सांगतो. थोडं लांबेल.

ज्याच्यामुळे दादा लग्नाला अमरावतीला आला नाही ते यंत्र तू पाहिलेलं नाहीस. लहान ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागे खोदाईचा लोखंडी हात, हाताच्या टोकाला बकेट आणि बकेटीला चार दाते. (ते लग्नाच्या दिवशीच उतरवावं लागलं, कारण क्रेनवाल्याला दुसऱ्या दिवशी विरारला टाकी चढवायची होती. मी तेव्हाही हे सांगत होतो, पण तू फोन ठेवलास.) यंत्र खोदतं उत्तम, पण त्याला काही धरता येत नाही. मागच्या पावसात आपल्या बावखलाचा पूर्वेकडचा काठ ढासळला आणि बांधणीचे मोठे दगड पाण्यात गेले. मृगाच्या आत ते काढून काठ बांधला नाही, तर यंदा केळीच्या दोन रांगा मातीसकट तळ्यात जातील. बकेटीत दगड घेतला की वर येता येता घरंगळतो. दादा म्हणायचा, "बोटं चार आहेत, अंगठा नाही. उचलणार कसं?" मग कुठल्याशा प्रदर्शनात त्याला परदेशी यंत्राचं रंगीत पत्रक मिळालं. त्यात दात्यांच्या समोर लोखंडी अंगठा होता, तेलाच्या दाबावर उघडणारा आणि मिटणारा. त्यानंतर दादा दुसरं काही बोलला नाही. वहीत त्याने मापही लिहून ठेवलं: "अंगठा तीन विती चार बोटं. वरून सवा वीत सोडून खीळ." आणि जानेवारीत तो गेला.

आता दादाच्या विती तुला माहीत आहेत. गोठ्याचं दार, रहाटाचा कणा, वहिनीची चूल, सगळं त्याने आपल्या पंजाने मोजून केलं. घरात टेप कधी आला नाही. तो गेला तेव्हा त्याचा हात मोजून ठेवावा हे कोणालाच सुचलं नाही. (अशा दिवशी ते सुचत नाही.) त्यामुळे माप वहीत आहे आणि वीत नाही, अशी परिस्थिती झाली.

मी म्हटलं, भावाचा हात तो भावाचा हात, माझ्या वितीने करू. ॲन्सेल्मने टोपी काढली, मी पत्र्यावर तीन वेळा हात ठेवला, त्याने खडूने खूण केली. पण माझा हात तीस वर्षं हजेरीपट धरलेला आहे. अंगठा इतका आखूड झाला, की मिटला तरी दात्यांपासून अर्धा फूट लांब राहिला. तरी आम्ही दगड उचलला. दोन बोटांत कप धरावा तसा तो धरला गेला, कुंपणापर्यंत गेला आणि पलीकडे कॅथरिनमावशींच्या कपडे धुण्याच्या दगडावर पडला. त्यांच्या दगडाचे दोन तुकडे झाले. मावशी बाहेर आल्या, तुकडे बघितले आणि म्हणाल्या, "चंद्रहास, दगडानं दगड फोडायला एवढं मोठं यंत्र लागतं होय रे? श्रीपतला तर नुसती पहार पुरायची."

मग नात्यातला सगळ्यात मोठा हात शोधला. वहिनीचा भाचा हितेश व्हॉलीबॉल खेळतो. त्याला अर्नाळ्याहून बोलावला. ॲन्सेल्मने पुन्हा टोपी काढली (या वेळी चपलाही). हा अंगठा दात्यांच्या पुढे वीतभर निघाला. शिवाय तेलाची वेगळी नळी मिळाली नव्हती म्हणून ती ट्रॅक्टरच्या डाव्या टेकूच्या नळीला जोडली होती. त्याचा परिणाम असा झाला, की अंगठा मिटायला लागला की डावा टेकू उचलला जायचा आणि ट्रॅक्टर नमस्कार केल्यासारखा डावीकडे वाकायचा. तसा तो वाकला, हात कुंपणापलीकडे गेला आणि अंगठ्याने मावशींच्या दोरीवरची फर्डिनंडकाकांची पँट चिमटीत धरून पंधरा फूट वर नेली. तेवढ्यात नळी फुटली. काका त्याच वेळी चर्चमधून येत होते. ते फाटकाशी उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "ती माझी ना?"

मी हो म्हटलं.

"लग्नकार्याला घालायची आहे, बाबा. सांभाळून उतरव."

पँट बुधवारपर्यंत वरच होती. नळी आणायला ठाण्याला जावं लागलं. त्या तीन दिवसांत बाजारात जाणारे लोक आमच्याकडे वाट वाकडी करून आले. दादाच्या समाचारालाही एवढे आले नव्हते.

तिसऱ्या वेळी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांचा हात मला ठाऊक नाही तर कोणाला?" तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला पंजा ठेवला, त्याच्या पुढे बोटाने एक जागा दाखवली आणि म्हणाली, "इथपर्यंत." ॲन्सेल्मने तिथे खूण केली. खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तर "इथपर्यंत" दोन बोटं पुढे सरकलं होतं. तिसऱ्यांदा आणखी पुढे. दर खेपेला दादाचा हात थोडा मोठा होत होता. आम्ही ते तिथेच थांबवलं.

शेवटी खाडीकडचा काळूराम आला. (तोच, दादाबरोबर चिंबोऱ्या धरणारा. आता दात नाहीत, बाकी तसाच आहे.) त्याने मला विहिरीवर नेलं आणि कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं. सिमेंटमध्ये दोन पंजे निघाले, शेजारी शेजारी. कठडा बांधला तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि दादा आठ, मी जन्मलो नव्हतो. दोन्ही पंजे अगदी सारखे आहेत. काळूराम म्हणाला, "वसूचा नि श्रीपतचा हात एकच. तिला बांगड्या भरताना कासार रडायचा. आनखी कोनाला इचारतो? तिलाच इचार." (कासाराचं तो म्हणाला, मी नाही.) मी तुझे बांगड्यांचे दिवस पाहिलेले नाहीत, पण लहानपणी तुझी एक चापट खाल्ली आहे, त्यावरून मला ते पटलं.

तेव्हा विनंती एवढीच. खाकी कागदावर उजवा हात बोटं फाकून ठेव, विघ्नेशला पेन्सिलीने रेघ मारायला सांग आणि कागद पोस्टाने पाठव.

आणखी एक खुलासा करायला हवा. विघ्नेशने तुला सांगितलं असेल, की दादा शेवटी तुझंच नाव घेत होता. ते तितकंसं बरोबर नाही. लग्नानंतर तू मला फोनवर म्हणालीस, "त्याला सांग, आता त्या यंत्रालाच ताई म्हण." मी निरोप दिला. दादाने लहानपणापासून तुझं ऐकलं, हेही ऐकलं. चार वर्षं तो यंत्राला ताईच म्हणत होता. ताईला तेल पाजलंस का? ताई आज कुरकुरतेय. ताईला उन्हात उभं करू नका, तिला सोसत नाही. काळूरामसुद्धा येऊन म्हणायचा, "श्रीपत, उद्या तुझी ताई दे, चर खनायचाय." इस्पितळात दादा दोन दिवस एकच वाक्य म्हणत होता: "ताईला अंगठा बसवायचा राहिला." अँजेलिना नावाच्या नर्सबाई होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पेशंटची बहीण कुठल्या वॉर्डात आहे? तुटलेला अंगठा लगेच शिवावा लागतो हो." मी सांगितलं, की बहीण अमरावतीला आहे आणि तिचे दोन्ही अंगठे चांगले आहेत. त्यांनी विचारलं, "मग ती इथे का नाही?" मी म्हटलं, "यंत्रामुळे." त्या "अरेरे" म्हणाल्या आणि दादाची उशी नीट केली.

तेव्हा शेवटी तो कुठल्या ताईबद्दल बोलत होता हे मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

भावोजींना नमस्कार. विघ्नेशला, आर्याला आणि बाळाला आशीर्वाद. वहिनीने तुला नमस्कार सांगितला आहे.

तुझा,
चंद्रहास

ता. क. कागद पाठवू नकोस. पेन्सिल बोटाच्या बाहेरून फिरते, त्यामुळे प्रत्येक वितीला थोडं वाढतं, आणि तीन वितींत आपण पुन्हा फर्डिनंडकाकांच्या पँटीपर्यंत पोचू. हात स्वतः आलेला बरा.

आणखी ता. क. वरचं सगळं घडलं ते खरं आहे, पण माप मला नको आहे. मागच्या रविवारी मी ॲन्सेल्मला सहज विचारलं, की दुसरा काही उपाय आहे का. त्याने खिशातून टेप काढला, खिळीपासून दात्यांपर्यंत लावला, शहात्तर सेंटिमीटर. टेप पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होता. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं, माणूस गेल्यावर तुमच्यात असं करतात. एकेका नातेवाइकाचा हात लावायचा. मध्ये कसं बोलणार?" अंगठा बसला. नळी वेगळी केली. काल अकरा दगड निघाले, एकही पडला नाही. आठवड्यात काठ उभा राहील. दादाचं राहिलेलं काम संपलं, आता तुला बोलवायला माझ्याकडे कारण उरलेलं नाही. तरी ये. गुडघ्यांची काळजी करू नकोस, इथे जिना नाही.

वहिनी देवळात गेली आहे. डिंकाची बाटली सुकली, तेव्हा सकाळच्या भाताची शितं घेतो आणि पाकीट चिकटवतो.