न सुटणारी अळी

सोमवार, ३ तारीख
भिंगरीच्या शाळेतून चिठ्ठी. कागदी कड्यांची अळी करायची, दहा कड्या, आणि शुक्रवारी वर्गात तिच्यावर वजाबाकी करून दाखवायची. नाही जमली तर पोरगी पुन्हा कच्च्या मुलांच्या छोट्या गटात. मागच्या वेळी रडतरडत घरी आली होती. या बाई स्वतःला समजतात कोण? सगळं काम मी अंगावर घेतलंय. इंजिनिअर बाप काय कामाचा मग?

मंगळवार, ४
चिठ्ठीत लिहिलंय, कड्या क्लिपने जोडाव्यात, मुलांनी स्वतः कराव्यात. म्हणे क्लिप! गोंदच लावणार. बायको म्हणाली, तिला करू दे की. लक्ष दिलं नाही. भिंगरीने कात्री घेतली, तेव्हा खेकसलो. वाकडं कापते.

बुधवार, ५, संध्याकाळी ७
नऊ कड्या तयार, फूटपट्टी लावून. दहावी माझ्या शर्टाला चिकटली, शर्टासकट कापून काढली. भिंगरी टेबलाखाली कागदाचे तुकडे घेऊन खुडबुडत होती. पसारा नको, म्हणून दटावलं. शेजारच्या वकिलाचा पोरगा भिंगरीच्याच वर्गात. त्यांच्याकडची अळी पाहिली, नुसती लोंबतेय. तोंडावर सांगितलं. तर म्हणतो, पोरानेच केलीय. लोकांना लाज नाही.

गुरुवार, ६
गोंदाचे तीन थर. ओढून पाहिली, ढिम्म हलत नाही. उद्या अर्धी रजा टाकलीय. बाईंचं तोंड बघायचंय.

शुक्रवार, ७, दुपारी १
बाई भिंगरीला म्हणाल्या, दहातून तीन काढ. तिने ओढलं. निघेना. मी पुढे झालो, गुडघा लावून ओढलं. अळीचं डोकं हातात आलं, कड्या जागच्या जागी. पोरं खिदळली. भिंगरीचे डोळे भरले. बाईंना सुनावलं, याला मजबुती म्हणतात. त्या म्हणाल्या, वजाबाकीत काहीतरी सुटावं लागतं हो. आगाऊ बाई!
मग भिंगरीने दप्तरातून त्या तुकड्यांची वेडीवाकडी अळी काढली. क्लिपा लावलेली. तीन कड्या सोडवल्या, उरलेल्या बोटाने मोजल्या, सात म्हणाली. पास! पोराबरोबर आलेल्या वकिलाने टाळ्या वाजवल्या. नालायक.
येताना तिला समजावलं, पाया माझाच होता. ती सुटलेल्या तीन कड्या परत जोडत होती.

रविवार, ९
आता बेरजेचं कागदी फूल करायचंय. कात्री घेऊन टेबलाशी बसलो. भिंगरीने समोर तीन कड्या जोडून ठेवल्या. एक आई, एक ती, एक मी. माझी क्लिप काढली, कडी माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, आता टेबलाशी किती?
दोन, म्हणालो.
शाबास म्हणाली आणि मला बाहेर काढून दार लावून घेतलं.
पायरीवर बसून लिहितोय. उत्तर पुन्हा तपासलं. दोनच येतंय.