डावी बाजू जागी होती

अहमदपूर

प्रिय शरणम्मा,

तुझं पत्र मिळालं. पोरगी बरी आहे, आता पालथी पडते. इकडं विहिरी आटल्यात, गाव टँकरवर चाललंय. लातूर जिल्हा झाला म्हणून तुझ्या दाजींनी दुकानात पेढे वाटले. त्या दिवशी घरात प्यायला पाणी नव्हतं.

बाळंतपणाचं तू विचारलंस. अम्माला सांगितलं नाही, तुला सांगते. बाळ आडवं होतं, पोट कापायचं ठरलं. भूल देणारे डॉक्टर नांदेडला गेलेले, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच पाठीत सुई दिली. उजवा पाय जड झाला, डावा नाही. त्यांनी चिमटा घेतला. मी म्हटलं, कळतंय. बाई चांगल्या होत्या. बाहेर जाऊन म्हणाल्या, बाळाचे ठोके ठीक आहेत, भुलीचे डॉक्टर येईपर्यंत थांबता येईल. दार उघडंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "दुपारी टँकर येतो. घागरी कोन लावनार? उरका." बाई तरी अडून राहिल्या. मग दाजी म्हणाले, "बाईच्या जातीला सोसायची सवय असती. तुम्ही पोराचं बघा."

बाई परत आल्या त्या माझ्याकडं न बघताच. दोन आयांनी खांदे दाबले, तोंडात फडकं दिलं. शरू, डावीकडं सगळं कळलं. सुरी कळली, आत गेलेला हात कळला. शिवताना शुद्ध गेली, तेवढं बरं झालं. जाग आली तेव्हा दाजी नव्हते. मुलगी झाली एवढं ऐकून ते टँकरवर गेले होते.

पुढच्या खेपेलाही बहुतेक पोट कापावं लागेल, असं बाईंनी सांगितलंय. सासूबाईंनी ते बरोबर ध्यानात ठेवलं. परवा जेवताना तुझं नाव निघालं. "धाकटीची कंबर रुंद हाय, तिला कापावं लागनार न्हाई," त्या म्हणाल्या. दाजी हसले आणि आणखी भाकरी मागितली. मीच वाढली.

सोमवारी ते औशाला येतायत, अप्पांकडं तुला स्वतःसाठी मागायला. बहीण बहिणीजवळ नांदेल, म्हणतील, अप्पांना पटेल. माझं नाव घेऊन, महानंदाला विचारलंय, असंही सांगतील. मला कुणी विचारलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर मला पोरीसकट माहेरी आणून टाकू, अशी धमकी देतील. ते तसं करतीलही. तरी नाही म्हण.

तुझीच,
अक्का