आठ पानांचा सूड

३ जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचा संकल्प: बाबांवर सूड उगवणे. कलात्मक.

तीन वर्षांपूर्वी घरी सांगितलं की मी मुलगा नाही, मी विद्युलता. बाबांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. २४-२५ला टी. नगरच्या हॉलमध्ये झाइन मेळा आहे. तिथे माझं झाइन येणार, त्यात बाबा खलनायक. वकिलाची नोटीस आली तर उत्तम. फ्रेम करीन.

आई फोनवर चोरून बोलते. झाइनला पत्रिका म्हणते. पुन्हा समजावलं: एकच कागद, मधे एक काप, घड्या घातल्या की आठ पानांचं पुस्तक. म्हणाली, एवढंच? माझी प्रतिभा कुठून आली, हा प्रश्न तसाच आहे.

५ जानेवारी, सोमवार
ऑफिस, शोळिंगनल्लूर. फोर्कलिफ्ट कसा चालवू नये यावर अठ्ठावीस स्लाइड. ज्या हाताने इतिहास घडवायचा त्या हाताने दिवसभर पिवळी हेल्मेटं काढली.

एचआरच्या श्रीलक्ष्मीने आत्ताच सांगून ठेवलं, जूनच्या प्राइड महिन्याला इंद्रधनुष्य हवं. गेल्या जूनमध्येही हेच. या बाईच्या मते माझ्याकडे सातच रंग आहेत.

९ जानेवारी, शुक्रवार
आराखडा पक्का. शब्द अजिबात नाहीत. शब्द ज्यांना चित्रं जमत नाहीत त्यांच्यासाठी.

पान दोन: बाबा कारखान्यातले पाठकोरे कागद आणून माझ्या हातात पेन्सिल देतात. तीन: माझं चित्र कारखान्यात सगळ्यांना दाखवत फिरतात. चार: माझी चित्रं फाडतात. पाच: दार लावतात, मी बाहेर. मग सहा-सात मिळून मी एकटी, मुकुट घालून. मुकुट जरा मोठा झालाय. असू दे.

सगळ्या चित्रांत मी आजचीच. लांब वेणी, नाकात चमकी. पेन्सिल हातात घेणारी सहा वर्षांचीसुद्धा अशीच. मुलगा मी कधी नव्हतेच, तर काढू कुठून?

११ जानेवारी, रविवार
मेळ्यात शेजारचं टेबल अलमेलूचं. मैलापूरची तंजावरी मराठी. एका वाक्यात दोन तमिळ क्रियापदं घालते आणि मांजरं काढते. झोपलेलं मांजर, बसलेलं मांजर, इडली खाणारं मांजर. लोक घेतात. लोक काहीही घेतात.

माझं काम मल्टिडिसिप्लिनरी आहे. प्रत्येक प्रतीसोबत एक डांबराची गोळी. बाबांच्या कपाटाचा वास. वाचकाला तो छळ नाकातून कळला पाहिजे.

१४ जानेवारी, बुधवार
मांडणी केली. कागदावर चार-चार पानांच्या दोन ओळी, दोन ते पाच वर. वरची ओळ उलटी छापावी लागते, हे मला माहीत आहे. तरी अलमेलूने फोन करून सांगितलं, आधी कोऱ्या कागदाच्या घड्या घाल, पानांवर आकडे टाक, मग उलगडून त्याप्रमाणे चित्रं लाव. आकडे! मांजरंवालीने मला शिकवावं! मला पानं डोक्यात दिसतात.

१६ जानेवारी, शुक्रवार
पोंगलमुळे झेरॉक्सवाला बंद. सगळं शहर उसाचे तुकडे चघळत बसलंय. यांना कलेचं काय.

१९ जानेवारी, सोमवार
दोनशे प्रती, पिवळ्या कागदावर. आजारी आहे सांगून दिवसभर घड्या घातल्या. आत पाहिलं नाही. कलावंताने मागे वळून पाहू नये.

पहिली प्रत कुरिअरने आवडीच्या घरी, बाबांच्या नावे. चौतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्टर होते, दुसऱ्यांचे नग नापास करण्यात आयुष्य गेलं. आता बसा म्हणावं वाचत.

२२ जानेवारी, गुरुवार
नोटीस नाही. आईचाही फोन नाही. म्हणजे झोंबलंय. दिवसातून चाळीसदा फोन पाहिला. फक्त वेळ बघायला.

२४ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी
गर्दी माझ्या टेबलावर! मांजरं ओस. दोन मुली रडल्या, मला वाटलं डांबराने. मग नारायणस्वामी म्हणून एक निवृत्त बँकवाले डोळे पुसत म्हणाले, बापाला इतक्या मोठ्या मनाने माफ करणारी मुलगी पाहिली नाही.

माफ?

झाइन उघडलं. पहिल्यांदाच. आधी दार. मग फाडणं. मग कौतुक. मग पेन्सिल. मग मुकुट. वरची ओळ उलटी छापायची असते तेव्हा पानंही उजवीकडून डावीकडे लावायची असतात. मी डावीकडून लावली. बाबा हाकलतात, फाडतात, मग सुधारतात, पेन्सिल देतात आणि मी राणी होते. शी.

चूक सांगणारच होते. तेवढ्यात नारायणस्वामींनी तीन प्रती घेतल्या, मी थँक्यू म्हणून गेले. अलमेलूने झाइन उलटसुलट पाहिलं आणि बोटांवर पानं मोजली. आगाऊ आहे.

खरी पंचाईत वेगळीच. हीच प्रत आवडीला गेलीय. बाबांना वाटणार, मी विसरले.

२५ जानेवारी, रविवार
बाबा आले. दुपारी तीन वाजता, इस्त्रीचा शर्ट, हातात कुरिअरचं पाकीट. मी तयारच होते. तीन वर्षांत त्यांना सुनवायची भाषणं पाठ केलीत, आणि मी त्यांना खुर्ची दिली.

त्यांनी झाइन टेबलावर ठेवलं, खिशातून चष्मा काढला आणि पानांवर बोट ठेवत सांगितलं की क्रम चुकलाय. पेन्सिल आधी, मग कारखाना, मग फाडणं. दार सगळ्यात शेवटी. दार लावल्यावर आपण परत काही दिलेलं नाही, असंही म्हणाले. अगदी शांतपणे. एखादा नग नापास करावा तसं.

दोन दिवसांत दीडशे लोकांनी वाचलं. बरोबर वाचलं ते एकट्या बाबांनी.

मी म्हणाले, क्रम मुद्दाम तसा ठेवलाय. कलात्मक निर्णय आहे. हे मी का म्हणाले, मला माहीत नाही.

ते म्हणाले, विद्युलता, चूक ती चूक. ही प्रत नको, बरोबर क्रमाची दे. नाव एकदाच घेतलं, अडखळत, पण घेतलं. अलमेलू ऐकत होती, मग उगाच मांजरं नीट लावायला लागली.

बरोबर क्रमाची एकही प्रत माझ्याकडे नव्हती. पाठवते म्हणाले. ते पत्ता सांगायला लागले. जिथे मी एकवीस वर्षं राहिले त्या घराचा.

२६ जानेवारी, सोमवार. सुट्टी
बाबांसाठी एक प्रत हाताने जोडायला बसले. दहा मिनिटांचं काम.

पेन्सिल चिकटवली. कारखाना चिकटवला. फाडणं चिकटवलं. दाराचं चित्र कापून सकाळपासून बाजूला पडलंय.

गम संपला.

गम संपलेला नाही.