आत्याले लोणार दाखवलं

मेहकर, १२ जानेवारी १९६४

तीर्थरूप बाबा,
नांदुऱ्याकडे तोंड करून तुमच्या कोकीचा दंडवत.

आम्ही सारे मजेत. ह्यांच्या दोस्ताची जीप एकदाबी बंद पडली नाही, फक्त धुरळ्यानं पोरं ओळखू येत नाहीत! आईचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला?

रागावू नका, पण मेहकरात गोजर आत्याकडे उतरलो. तुमच्या बहिणीनं बारा वर्सांनी मले पाह्यलं अन् पहिलं विचारलं, "भाऊ जेवते का पोटभर?"

मग तिलेबी जीपमंधी बसवलं अन् काल लोणार गाठलं. बाबा, काय सांगू! अख्खं गाव मावंल एवढा गोल खड्डा, अन् तळाशी हिरवंगार खारं पाणी! तिथले एक गुरुजी म्हणे, हे ज्वालामुखीचं तोंड, आतली आग कवाचीच विझली. पोरं तर नाचूनच राह्यले.

आत्या लय वेळ खाली पाहत होती. मग हळूच म्हणे, "कोके, तुह्या बापाचा राग विझला का वं?"

मी 'हाव, विझला' म्हणून बसली.

शुक्रवारी तिले घेऊनच येऊन राह्यलो. बाबा, मले खोटं पाडू नका.

तुमची लेक,
कोकिळा