टोपलीखालचं पिल्लू

रविवार, दिवेलागण

आज त्या पिल्लाने शेपटी पसरली. बोटाएवढी शेपटी, पण पंख्यासारखी. माझ्या सोनेरी फेझंटची, त्या परदेशी शोभेच्या पक्ष्यांची, पिल्लं असं करत नाहीत. हे मोराचं आहे.

फेझंटच्या माद्या पिंजऱ्यात अंड्यांवर नीट बसत नाहीत, म्हणून अंडी आईच्या खुडूक कोंबडीखाली ठेवतो. ठेवते आईच. विचारलं तर सरळ म्हणाली, "बांधावर एकटं अंडं पडून होतं. तुह्या अंड्यांच्या आधीच ठेवलं होतं. फेकून द्याचं होतं का?"

"आई, मोर पाळला तं जेल होते!"

"मी कुठी पाळून राह्यली? कोंबडी पाळून राह्यली."

आणि उद्या सकाळी जंगलखात्याचे गार्डभाऊ लेकीला घेऊन पक्षी पाहायला येणार. मीच बोलावलंय, हौसेनं. फेझंटचे कागद आहेत, पण याचं काय सांगू? खरं सांगितलं तर आईचं नाव येणार. सागवनात सोडलं तर रात्रीतून मुंगूस नेईल. मान मुरगळायची? त्यासाठीच हातात घेतलं होतं. तळहातावरही त्याने शेपटी पसरली.

शेवटी मागच्या खोलीत टोपलीखाली झाकलं. जरा हायसं वाटलं.

आत्ता पाहून आलो. बाकीची पिल्लं खुराड्यात उघडी पडलीत, ओरडतायत. कोंबडी तिथे नाही. ती मागच्या खोलीत, टोपलीवर पंख पसरून बसली आहे. हाकलली तर घर डोक्यावर घेते आणि पुन्हा तिथेच येते.

पिल्लू लपवलं. हिला कुठे लपवू?